पट्टीच्या अलीकडून

प्रिय धाकट्या,

प्रिय लिहिलंय ते पत्र तसंच सुरू करतात म्हणून. लगेच हुरळून जाऊ नकोस.

तुझ्या बायकोचा निरोप मिळाला. फोनवर 'वन्सं, वन्सं' करत तिनं अशी काही लाडीगोडी लावली की मी हातातलं काम बाजूला ठेवलं. निरोप काय, तर आईंना आता आमच्याकडे पाठवा. इथे लिफ्ट आहे, लिफ्टमधून उतरलं की सरळ मेट्रोच्या भुयारात जाता येतं, तुमच्या त्या जिन्यांपायी त्यांचे हाल होतात. सगळं खरं बोलली. एक शब्द खोटा नव्हता, म्हणून तर मला जास्त संताप आला. पण काय रे, तुला तोंड नाही? मी तुझा फोन कापते म्हणून बायकोला पुढे करायचं?

फोन मी मुद्दामच कापते. तू 'ताई, ऐक तर' सुरू केलंस की मी ऐकते, लहानपणापासूनची खोड आहे ती माझी. कागदावर तुला मध्ये तोंड घालता येणार नाही. तेव्हा गप्प बसून वाच. हे पत्र तुझ्या गार्डच्या, लंबूच्या हाती पाठवतेय. त्याच्यावर डोळे वटारू नकोस, त्यानं मला काय सांगितलं ते पुढे येतंच आहे. आईला तुझ्याकडे पाठवायचं की नाही, एवढाच प्रश्न आहे ना? त्याचं उत्तर शेवटी देते. आधी तुला बाकीचं ऐकावं लागेल.

आई बरी आहे. म्हणजे, खुब्याचं हाड मोडलेली बाई जेवढी बरी असते तेवढी. वॉकर धरून खोलीत फिरते. खिडकीपासून दारापर्यंत, दारापासून खिडकीपर्यंत. डॉक्टर म्हणाले, चालवा, जितकं चालतील तितकं चांगलं. आता चालवू कुठे? माझे जिने तुला माहीत आहेत. धडधाकट माणूस वर येईपर्यंत शेवटच्या वळणावर कठड्याला टेकतो. दवाखान्यातून आणताना शेजारच्या दोघांनी खुर्चीत बसवून तिला वर आणली, ती तेव्हापासून खाली उतरलेली नाही. दिवसभर मी भुयारातल्या माझ्या शिलाईच्या दुकानात, ही वर एकटी. संध्याकाळी आले की पहिला प्रश्न: आज भुयारात गर्दी होती का गं? फुलवाली आली होती का? गळती थांबली का? मी म्हणते, आई, ते भुयार आहे, माहेर नाही तुझं. ती म्हणते, असू दे, सांग तू.

तिचं ते माहेरच झालं होतं, हे तुला कळायला हवं. तू तुमच्या ऑफिसांच्या टॉवरच्या बाजूनं भुयार बघतोस, त्यामुळे तुला वाटतं, लोकांनी ऊन-पाऊस न लागता मेट्रोतून ऑफिसात यावं म्हणून ते खणलंय. माझ्यासारख्या खाली पोट भरणाऱ्यांना आणि आईसारख्या म्हाताऱ्यांना ते वेगळं दिसतं. खाली थंडी नाही, गाड्या नाहीत, खड्डे नाहीत. गाडी यायच्या आधी वाऱ्याचा झोत येतो, कपड्यांची टोकं हलतात, मग ती गेली की पुन्हा शांत. आई सकाळी माझ्याबरोबर खाली यायची, काज-बटणं करून द्यायची आणि दुपारी चालायला निघायची. किल्लीवाल्याला विचारायची पाठ कशी आहे, फुलवालीची कोमेजलेली फुलं उचलून आणायची आणि माझ्या मशीनवर ठेवायची. मला शिंका यायच्या. नको म्हटलं तरी ठेवायची.

आणि चालत कुठपर्यंत जायची? तुमच्या पट्टीपर्यंत.

ती पट्टी मी आधी नीट बघितलीच नव्हती. जमिनीत बसवलेली पितळी पट्टी, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. अलीकडे स्टेशनच्या पिवळ्या टाइल्स, पलीकडे तुमच्या टॉवरचा काळा ग्रॅनाइट. अलीकडे स्टेशनची हद्द, पलीकडे तुमची. पूर्वी कधीतरी तिथे कोणाचा तरी पाय मुरगळला, दोन्हीकडचे लोक भरपाई कोणी द्यायची म्हणून भांडत बसले, आणि मग दोन्हीकडून फर्मान निघालं की युनिफॉर्म अंगावर असताना कोणीही पट्टी ओलांडायची नाही. हे तूच मला सांगितलंस, नोकरीला लागलास तेव्हा, आणि आपण दोघं हसलो होतो. लंबूला माझ्या दुकानात चहा प्यायला यायचं असलं की तो बिचारा पट्टीशी उभा राहून टोपी काढायचा, जॅकेट काढायचा, घडी घालून काखेत मारायचा आणि मग पाय टाकायचा. तुमचे सफाईवाले तिथपर्यंत पुसत येणार आणि थांबणार, स्टेशनचे इकडून पुसत येणार आणि थांबणार. खुद्द पट्टी कोणीच पुसायचं नाही. वरून छतातून पाणी टपकायचं ते नेमकं तिच्यावर. तुम्ही 'फरशी ओली आहे' ची पाटी त्यांच्या बाजूला सरकवायची, त्यांनी तुमच्या. गळती मात्र कोणाचीच नाही!

तुला गार्डची नोकरी लागली तेव्हा पहिला युनिफॉर्म मी आल्टर केला होता. खांदे केवढे मोठे होते त्याचे, तू आत हरवला होतास. आईनं टाचण्या धरल्या, मी खुणा केल्या. त्यानंतर ती रोज दुपारी तुझा डबा घेऊन पट्टीशी जायची. तू पलीकडे, ती अलीकडे. तू वाकून डबा घ्यायचास, ती म्हणायची, आज जरा तिखट झालंय, पाणी पी. मी एकदा तिला म्हटलं, दोन पावलं पुढे गेलीस तर काय फाशी देणार आहेत? तू तर युनिफॉर्ममध्ये नाहीस. तर म्हणाली, नको बाई, त्याच्या नोकरीची जागा आहे, आपण कशाला तिथे मिरवायचं? कालचा रिकामा डबा परत घेऊन यायची तेव्हा तिचा चेहरा बघण्यासारखा असायचा. मी जळायचे, खोटं कशाला सांगू? मला माझ्या दुकानात कोणी डबा आणून देत नव्हतं. मी माझा डबा सकाळी सगळ्यांच्या आधी उठून स्वतः भरत होते, आणि तुझाही.

मग तू सुपरवायझर झालास. आम्ही आनंदात होतो. जॅकेट टॉवरच्या टेलरनं शिवलं, आणि खांद्यावर ते बरोबर बसलं होतं, तेवढं मी कबूल करते. एक दिवस तू माझ्या दुकानात आलास आणि हसत हसत म्हणालास, 'ताई, आईला जरा समजाव ना. आता माझ्या हाताखाली माणसं आहेत. साहेबांची आई डबा घेऊन उभी असते, पोरं चेष्टा करतात. मला कॅन्टीन आहे.' मी म्हटलं, तूच सांग. आणि तू सांगितलंसही. काय शब्दांत सांगितलंस ते मला माहीत नाही. आईनं घरी येऊन एवढंच सांगितलं की बरं झालं, त्याला आता गरम जेवण मिळेल. डबा घासून, पुसून, फळीवर अगदी वर ठेवला. मी असते ना तिच्या जागी, तर तुझ्या डोक्यात घातला असता.

पण तिनं चालणं काही सोडलं नाही. हे तुला माहीत नसेल, किंवा असेल. ती रोज दुपारी पट्टीपर्यंत यायची, बुटाचं टोक पट्टीला लावायची, तुमच्या काचेच्या दाराकडे जरा वेळ बघायची आणि मागे फिरायची. मला म्हणायची, कुठेतरी वळावं लागतंच ना, तिथे वळते. तू तेव्हा आत, कॅमेऱ्यांच्या पडद्यांसमोर बसायचास. त्यातला एक पडदा पट्टीचा आहे, लंबू म्हणाला. म्हणजे आई रोज तुझ्या पडद्यावर यायची. एकतर तू बघून न बघितल्यासारखं करत होतास, नाहीतर तू बघतच नव्हतास. यातलं जास्त वाईट कोणतं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

त्या दिवशी तिच्या अंगावर कोट होता. हे तुझ्या बाजूनं मीच सांगून टाकते. एका बाईनं आल्टर करायला टाकलेला राखाडी कोट, ती परत कधी आलीच नाही. मी तो उसवून आईच्या मापाचा केला. बाह्या आखूड केल्या, कॉलर बदलली. आईनं आरशात बघितलं आणि लाजली, या वयात! म्हणाली, कोणीतरी मोठ्या घरची वाटतेय मी. एरवी ती त्या तपकिरी शालीत असायची, त्या शालीत तू तिला हजारांत ओळखलं असतंस. पडद्यावर वरून दिसतं ते डोकं आणि खांदे. डोक्याला तिनं माझा रुमाल बांधला होता. तेव्हा तू ओळखलं नाहीस, मान्य. यावर मी तुझ्याशी भांडणार नाही.

मी मशीनवर होते. एक साहेब पडद्यामागे पँट बदलत उभे होते, त्यांना मीटिंगची घाई. वळणापलीकडून गलका ऐकू आला, पण भुयारात गलका रोजचाच, मी काही उठले नाही. मग स्टेशनची झाडूवाली मावशी धावत आली. एवढंच म्हणाली, 'ताई, तुमची आई.' मी टाचण्या तोंडात तशाच धरून पळाले.

आई पट्टीच्या पाण्यावरून घसरली होती. ती पूर्ण अलीकडे पडली होती, पिवळ्या टाइल्सवर. पट्टीपलीकडे तुझे दोन गार्ड उभे. लंबू आणि दुसरा कोणी नवा. हात मागे बांधून, बुटांची टोकं बरोबर पट्टीला. त्यांच्या मागे, इथून दिसेल इतक्या जवळ, तुमच्या प्रथमोपचाराच्या खोलीचं दार, आणि दाराशी चाकांची खुर्ची, घडी घालून. मी ओरडले, ती खुर्ची आणा! लंबू म्हणाला, स्टेशनला कळवलंय, येतायत. येतायत म्हणजे भुयाराच्या पार दुसऱ्या टोकाहून. लोक आईला वळसा घालून ऑफिसात जात होते. मी तिचं डोकं मांडीवर घेतलं. ती ओठ घट्ट मिटून होती. हूं नाही की चूं नाही. मला वाटलं, दुखण्यानं वाचा बसली.

दवाखान्यात तू संध्याकाळच्या आधीच आलास. पांढराफटक चेहरा. आईचा हात धरून म्हणालास, 'आई, मी नेमका आज सुट्टीवर. मी असतो तर असं झालं नसतं.' आणि रडलास. खरं रडलास, मी बघितलं. आई तुझ्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाली, 'असू दे रे सोन्या, तुला कुठे माहीत होतं.' मीसुद्धा विरघळले. तुला तिथल्या कॅन्टीनमधून चहा आणून दिला मी त्या दिवशी, आठवतंय? आता तो चहा आठवला की माझाच मला राग येतो.

कारण मागच्या महिन्यात लंबू आला. टोपी-जॅकेट काढून, नव्या पँटची उंची कमी करून घ्यायला. त्याच्यासारख्या ताडमाड माणसाला उंची कमी करायची? पँट मुळातच त्याला घोट्याच्या वर होत होती. मी म्हटलं, अरे लंबू, तुला कापड वाढवायला हवं की कापायला? तर स्टुलावर बसला आणि ढसाढसा रडायला लागला. गिऱ्हाईक होतं, त्याला मी हात जोडून घालवलं. मग त्यानं सांगितलं. आई पडली तेव्हा तो खुर्ची आणायला वळलाच होता. रीतीप्रमाणे त्यानं आधी वॉकीटॉकीवर आत विचारलं. आतून साहेबांचा हुकूम आला. 'पट्टीच्या पलीकडे आहे. आपलं नाही. हात लावू नका, स्टेशनला कळवा.' साहेब म्हणजे कोण, ते मी विचारलंही नाही. विचारायची गरज नव्हती. तरी मूर्खासारखी म्हणाले, पण तो तर सुट्टीवर होता. लंबू माझ्याकडे बघतच राहिला.

पुढचं ऐक. लंबू म्हणाला, पडताना आईचा एक बूट निसटून ग्रॅनाइटवर गेला होता. तो मात्र तुमच्या हद्दीत! म्हणून त्या नव्या गार्डनं तो नियमानं उचलला, सापडलेल्या वस्तूंची चिठ्ठी लावली आणि आत तुझ्या टेबलावर आणून ठेवला. वा रे वा! बूट उचलायला तुम्हाला हुकूम लागला नाही. बाई तशीच पडून, आणि बूट आत सुखरूप, चिठ्ठी लावून! लंबू म्हणाला, साहेबांनी बूट हातात घेतला, उलटा केला, आणि खुर्चीवरून उठले ते सरळ बाहेर, पण तोवर स्टेशनवाल्यांनी आईला नेलं होतं. त्या बुटाचा तळ मीच चामड्याचा तुकडा लावून शिवला होता, लाल दोऱ्यानं, कारण त्या दिवशी काळा संपला होता. तू त्या दोऱ्यावरून मला चिडवलं होतंस. म्हणजे तुला त्याच दुपारी कळलं होतं. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. दवाखान्यात तू आलास, पण तुला कळवलं कोणी? मी नाही. मला तेव्हा स्वतःचं नाव आठवत नव्हतं, तुला फोन कुठून करणार? मी समजत होते मावशीनं केला असेल, पण तिच्याकडे तुझा नंबर कशाला असेल!

न ओळखण्याबद्दल मी भांडणार नाही म्हटलं, तो शब्द पाळते. पण तुला राखाडी कोटातली एक म्हातारी बाई जमिनीवर पडलेली दिसली होती ना? तेवढं दिसायला ओळख कशाला लागते? आणि ते एक वेळ सोड. नोकरी म्हणजे नोकरी, हुकमाची सवय लागते, मीही त्या पँटवाल्या गिऱ्हाइकाच्या घाईपायी उठले नाही. पण तो हात धरून 'मी सुट्टीवर होतो' म्हणालास, तेव्हा कोणाचा हुकूम होता? तोंडात टाचण्या असल्यासारखी मी गेला महिनाभर घरात वावरतेय. तुझा फोन वाजला की कापते. आई विचारते, का गं, काय झालं तुमचं? मी म्हणते, काही नाही.

आणि त्यात तुझ्या बायकोचा हा निरोप. मी ठरवलं होतं, नाही म्हणजे नाही. जिने तर जिने. तिला मी खांद्यावर घेऊन उतरवीन, पण तुझ्या लिफ्टमध्ये पाठवणार नाही. काल संध्याकाळी आई मटार सोलत बसली होती. मी निरोप सांगितला, म्हटलं मीच नकार कळवते. तर ती म्हणाली, 'का? मी जाते की. मला चालायला मिळेल.' इतक्या सहज! जणू मी इतके महिने केलं ते काहीच नाही. माझं डोकंच फिरलं. जे बोलणार नाही असं ठरवलं होतं ते सगळं बाहेर पडलं. म्हटलं, जा, जा त्या तुझ्या सोन्याकडे, तो सुट्टीवर नव्हता त्या दिवशी, तो आतच होता, त्यानंच सांगितलं हात लावू नका म्हणून! बोलले, आणि जीभ चावली. वाटलं, आता ही कोसळणार.

आई मटार सोलत राहिली. म्हणाली, 'ठाऊक आहे मला. त्या उंच मुलाच्या खांद्यावरच्या डब्यातून आवाज आला ना त्याचा. माझ्या लेकाचा आवाज मला कळणार नाही?' म्हटलं, मग हाक का नाही मारलीस? एक हाक मारली असतीस तर धावत आला असता. तुझा विश्वास बसणार नाही ती काय म्हणाली त्यावर. म्हणाली, 'मारणारच होते. पण त्याच्या हाताखालची माणसं उभी होती ना तिथे. त्यानं मला बजावलं होतं, त्यांच्यासमोर येऊ नकोस, हसतात. म्हटलं, स्टेशनवाले येतीलच, थोडा वेळ कळ काढावी.' खुब्याचं हाड मोडून ती जमिनीवर पडली होती धाकट्या, आणि तुझी चेष्टा होऊ नये म्हणून ओठ मिटून होती. वाचा बसली नव्हती तिची. मी काल रात्री जेवले नाही. आणि तिनं मला शपथ घातली आहे की हे तुला कधीही सांगायचं नाही. त्याला वाटू दे मला माहीत नाही, म्हणाली, नाहीतर तो माझ्याशी नीट बोलणार नाही.

म्हणून हे पत्र. तिची शपथ मोडायला लिहिलंय. ती मोठ्या मनाची आहे, मी नाही. ती तुझ्याकडे राहणार, रोज तुझ्या हातचा चहा घेणार, आणि तू तिला खोटं बोलून सुटलो असं समजून सुखानं झोपणार, हे मला बघवणार नाही. ती येते आहे. तिची मर्जी आहे, त्यापुढे माझं काही चालत नाही. शेजारचे दोघं तिला खाली उतरवतील आणि मी तिला पट्टीपर्यंत आणीन. रविवारी नाही, रविवारी भुयार रिकामं असतं. परवा, भर दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, तुझी सगळी माणसं दारात असतील तेव्हा. मी पट्टीपलीकडे एक पाऊल टाकणार नाही, आणि तिलाही टाकू देणार नाही. तू यायचं. जॅकेट अंगात, टोपी डोक्यावर, पट्टी ओलांडून अलीकडे यायचं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशी 'आई' म्हणून हाक मारायची. राखाडी कोटच घालून आणतेय तिला, या वेळी ओळख. आणि तुझ्या टेबलाच्या खालच्या खणात तो बूट ठेवलायस ना, लंबूनं बघितलाय, तो घेऊन ये. दुसऱ्या पायातला माझ्याकडे आहे. ती एका बुटावर चालणार नाही.

तुझीच,
तुला नको असले तरी तुझीच,
ताई